नाव घ्यायचं कुणी, चेहरा दाखवायचा कुणी

२९ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिज या गावी डेव्हिड गुलपिलिल वारले. काही वर्षांपासून ते फुप्फुसाच्या कर्करोगाशी झगडत होते. ऑस्ट्रेलियन सिनेमातला मूळनिवासी माणूस म्हटला की पन्नास वर्षं जगाला जो चेहरा आठवत आला, तो त्यांचा. साहजिकच जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर मृत्युलेख आले. ऑस्ट्रेलियात मात्र पहिल्या काही दिवसांत अनेक ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘डेव्हिड दलैथंगू’ असा होत होता. ज्या नावाने अवघं जग त्यांना ओळखत होतं, ते नाव जाणूनबुजून बाजूला ठेवलेलं होतं. ‘गुलपिलिल’ हे नाव पुन्हा छापलं जाऊ लागलं ते घरच्यांच्या संमतीने आणि त्यांच्या स्वतःच्या इच्छेला धरून.

यामागे एक जुनी रीत आहे. गुलपिलिल उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू लोकांपैकी. योल्ङूंमध्ये, आणि ऑस्ट्रेलियातल्या इतर अनेक मूळनिवासी समाजांमध्ये, माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत, त्याचं छायाचित्र पाहत नाहीत, त्याचा आवाज ऐकत नाहीत. हे मौन काही महिने चालतं, कधी काही वर्षं. त्याच नावाचा दुसरा कुणी गावात असेल तर तोही तेवढा काळ वेगळ्या नावाने वावरतो. मृताच्या घराला आणि वस्तूंना धुरी देऊन त्या शुद्ध करून घेतात. मध्य ऑस्ट्रेलियात तर अशा वेळी वापरायची ठरलेली पर्यायी नावंच आहेत. ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवर अनेक कार्यक्रमांच्या सुरुवातीला एक सूचना येते: पुढे दिवंगत मूळनिवासी व्यक्तींच्या प्रतिमा आणि आवाज असू शकतात, प्रेक्षकांनी नोंद घ्यावी. ती सूचना या रितीमुळे आली.

अशा समाजातला एक माणूस वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून अगदी शेवटपर्यंत स्वतःचा चेहरा फिल्मवर उमटवत राहिला. तो गेल्यावर त्या चेहऱ्याचं काय करायचं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाचा? एका नटाच्या आयुष्यातून उभा राहिलेला हा प्रश्न नुसता सिनेमापुरता नाही. मेलेल्या माणसावर जिवंतांचा हक्क किती, हे त्यात विचारलेलं आहे.

या रितीला ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती कशावर उभी आहे हे पाहिलं तर तसं म्हणवत नाही. योल्ङूंच्या समजुतीप्रमाणे माणसात एकच आत्मा नसतो. एक ‘बिरिंबिर’, जो कुळाच्या मूळ पाण्याकडे, पूर्वजांकडे परत जातो. दुसरा ‘मोकुय’, जो मागे रेंगाळतो, रानात भटकतो, कधी त्रासही देतो. अंत्यविधीतली गाणी, नाच, शरीरावर रंगवलेली कुळाची नक्षी हे सगळं मुख्यतः बिरिंबिरला वाट दाखवण्यासाठी असतं. वाटेतल्या एकेका जागेचं गाणं म्हणत त्याला घरापर्यंत पोचवायचं. अशा वेळी मागून त्याच्या नावाने हाक मारली, त्याचा चेहरा समोर मांडून ठेवला, तर जाणाऱ्याचं पाऊल अडतं आणि राहिलेल्यांचं दुःख ओलं राहतं. म्हणून हे मौन. ते पाळणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात भीती असेल, पण जाणाऱ्याला जाऊ देण्याची माया त्याहून मोठी आहे.

मराठी वाचकाला हे वरवर उलटं वाटेल. आपल्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो मोठा करून हार घालून भिंतीवर लावतात, आणि श्राद्धात तर नाव-गोत्र उच्चारल्याशिवाय पिंडच पोचत नाही. पण त्याच विधीत नावाने बोलावले जातात ते वडील, आजोबा आणि पणजोबा, वसू-रुद्र-आदित्यरूप मानलेल्या तीन पिढ्या. त्यापलीकडचे पितरांमध्ये मिसळून जातात. म्हणजे आपणही नाव धरून ठेवतो ते काही काळापुरतं. मृताला पुढे जायचं असतं आणि जिवंतांनी त्यात अडथळा होऊ नये, ही जाणीव दोन्हीकडे आहे. फरक आहे तो नाव केव्हा घ्यायचं आणि केव्हा सोडायचं याच्या क्रमात.

गुलपिलिल यांचा जन्म सुमारे १९५३ सालचा. नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. आर्नहेम लँडच्या रानात, दलदलीत, गोऱ्या माणसांपासून लांब त्यांचं बालपण गेलं. शिकार, माग काढणं आणि नाच ते तिथेच शिकले. आईवडील गेल्यावर मनिंग्रिडाच्या मिशन शाळेत आले. ‘डेव्हिड’ हे नाव तिथलं. १९६९ साली इंग्रज दिग्दर्शक निकोलस रोग आपल्या चित्रपटासाठी जागा आणि माणसं शोधत मनिंग्रिडाला पोचले, आणि नाचणाऱ्या या पोराकडे त्यांचं लक्ष गेलं. पोराला इंग्रजी जवळपास येत नव्हतं, आपल्या भागातल्या भाषा मात्र कितीतरी येत होत्या.

‘वॉकअबाउट’ १९७१ साली आला. वाळवंटात हरवलेली गोरी बहीण, तिचा धाकटा भाऊ, आणि त्यांना जगवणारा हा मूळनिवासी मुलगा. त्या मुलाला चित्रपटात नावच नाही. श्रेयनामावलीत नटाचं आडनावसुद्धा चुकवलेलं आहे: ‘गुम्पिलिल’. आणि शेवटाकडे हा मुलगा अंगावर रंग चढवून त्या मुलीसमोर प्रणयाराधनेचा नाच करतो, ती घाबरून दूर राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो झाडाला लटकलेला, मेलेला सापडतो. विचार करा: ज्या समाजात मृताचा चेहरा दाखवत नाहीत, त्या समाजातल्या कोवळ्या पोराने जगाला स्वतःची पहिली ओळख करून दिली ती निनावी आणि अखेर मृत माणूस म्हणून. चित्रपट म्हणून ‘वॉकअबाउट’ थोर आहे. त्यातली त्या मुलाची चाल, धावणं, भाला उचलण्याची ढब आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. पण ते दृश्य त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, हा विचार तेव्हाच्या समीक्षेला शिवलाही नाही.

पुढच्या दशकात ऑस्ट्रेलियन सिनेमाने उभारी घेतली आणि गुलपिलिल त्या लाटेत सगळीकडे दिसले. डेनिस हॉपरबरोबर ‘मॅड डॉग मॉर्गन’, कूराँगच्या खाजणकाठी घडणारा ‘स्टॉर्म बॉय’, दोन्ही १९७६ चे. पुढच्याच वर्षी पीटर वीअर यांचा ‘द लास्ट वेव्ह’, ज्यात स्वप्न आणि कायदा यांची गाठ पडते. १९८७ साली त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चा सन्मान मिळाला. २००४ साली क्रेग रडी यांनी काढलेल्या त्यांच्या भव्य व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं. त्यावर खटला झाला. कोळशाने काढलेलं हे रेखाटन आहे की रंगचित्र, यावर वकील भांडले आणि २००६ मध्ये न्यायालयाने पारितोषिक कायम ठेवलं. त्या चित्राच्या नावात ‘दोन जगं’ असे शब्द आहेत, आणि गुलपिलिल यांच्याविषयी लिहिताना हेच शब्द सर्रास वापरले जातात.

या सगळ्या यादीत एक छोटा प्रसंग वेगळा काढून पाहावा असा आहे. ‘क्रोकोडाइल डंडी’ (१९८६) हा जगभर तुफान चाललेला चित्रपट. त्यात गुलपिलिल नेव्हिल बेल नावाच्या तरुणाच्या भूमिकेत आहेत. रात्रीच्या अंधारात, अंगावर रंग लावलेला नेव्हिल जंगलातून बाहेर येतो. न्यूयॉर्कची पत्रकार बाई त्याचा फोटो काढायला कॅमेरा उचलते. तो म्हणतो, माझा फोटो काढता येणार नाही. ती वरमते, आत्मा हिरावला जाईल असं तुला वाटतं का, असं अदबीने विचारते. तो सांगतो, नाही, लेन्सवर झाकण आहे.

सगळं चित्रपटगृह हसतं, आणि हसावं असाच तो प्रसंग आहे. पण तो चालतो कशामुळे? पडद्यावरच्या बाईचा आणि पडद्यासमोरच्या प्रेक्षकाचा एक ठाम समज असतो, की अशा माणसाला कॅमेऱ्याची भीतीच वाटणार. कॅमेऱ्याची कळ त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते हे कुणी धरलेलंच नसतं. गुलपिलिल यांनी ते वाक्य इतक्या सहज, इतक्या ऐटीत टाकलंय की समज असणाऱ्याचाच पचका होतो. तरी एक गोष्ट उरते. त्यांच्या लोकांना कॅमेऱ्याचं वावडं नव्हतंच. त्यांना हवी होती ती विचारपूस: कुणाचं चित्र, कुणासाठी, माणूस गेल्यावर ते कुणाच्या हाती राहणार. विनोदात हा प्रश्न येत नाही, आणि खऱ्या जगातही त्याआधी तो बहुतेक वेळा आला नव्हता.

एक उदाहरण त्याच भागातलं. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने दशमान चलन आणलं. नव्या एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवर काढलेलं एक मूळनिवासी चित्र छापलं गेलं. ते चित्र होतं गुर्मिरिंगू या पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं. काढलं होतं आर्नहेम लँडच्या डेव्हिड मलांगी यांनी. रिझर्व्ह बँकेने त्यांना विचारलं नव्हतं. चित्रकार कुणी जिवंत, नाव-गाव असलेला माणूस असेल, हे तिथल्या कुणी गृहीतच धरलं नव्हतं. गोष्ट उघड झाल्यावर बँकेचे गव्हर्नर कूम्ब्ज यांनी मलांगींना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. एका कुळाचं मृत्युविधीचं चित्र देशातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात पोचलं, आणि परवानगीचा विषय निघाला तो नोटा छापून झाल्यावर.

योल्ङूंच्या कायद्यात हा गुन्हा लहान नाही. तिथे चित्र, गाणं, नाच ही कुळाची मालमत्ता असते. शिवाय कुळातल्या माणसांनाही ती मन मानेल तशी वापरता येत नाही. ती नीट वापरली जातात ना, हे पाहायची जबाबदारी त्या कुळाच्या लेकींच्या मुलांवर असते. म्हणजे मालकी एकाची आणि राखण दुसऱ्याची. कॉपीराइटच्या कायद्याला सवय आहे ती एका लेखकाची, एका स्वाक्षरीची. नातेवाइकांच्या जाळ्यातून मिळणारी संमती त्याच्या कागदात बसत नाही.

योल्ङूंच्या कायद्यात राहून सिनेमा कसा करता येतो हे गुलपिलिल यांनीच दाखवलं, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन १९३० च्या दशकात आर्नहेम लँडमध्ये राहिले होते. त्यांनी हजारो छायाचित्रं काढली. त्यातल्या एकात अराफुरा दलदलीत दहा माणसं सालीच्या होड्यांतून चालली आहेत. अनेक दशकांनी ती छायाचित्रं गुलपिलिल यांच्या गावी, रामिंगिनिंगला, परत पोचली. दिग्दर्शक रोल्फ द हीर यांना दहा होड्यांचं ते छायाचित्र गुलपिलिल यांनी दाखवलं, आणि त्यातून ‘टेन कनूज’ (२००६) उभा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी भाषांमध्ये बोलला गेलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. दिग्दर्शनात द हीर यांच्याबरोबर गावातले पीटर जिगिर होते.

पात्रं कशी निवडली ते पाहण्यासारखं आहे. छायाचित्रातल्या माणसांची ओळख गावाने पटवली, आणि त्यांच्याशी ज्यांचं जवळचं नातं, त्यांनी होड्यांवरच्या भूमिका घेतल्या. पडद्यावर कुणी कुणाची बायको व्हायचं हेसुद्धा प्रत्यक्षातल्या विवाह-नात्यांच्या नियमांना धरून ठरलं. गुलपिलिल यांचा मुलगा जेमी तरुण नायक झाला. चित्रपटात दोन काळ आहेत. पूर्वजांचा काळ थॉमसनच्या छायाचित्रांसारखा कृष्णधवल, आणि त्याहून जुना, कथेतला काळ रंगीत. ज्या समाजाला मृतांचे चेहरे पाहणं वर्ज्य, त्याच समाजाने सत्तर वर्षांपूर्वीच्या मृतांचे चेहरे निरखून त्यांना ओळखलं आणि नातवंडांच्या अंगात पुन्हा उभं केलं. यात विरोधाभास शोधणाऱ्याने रीत अर्धीच वाचलेली असते. शोकाचा काळ सरला की नाव परत येतं, चेहरा परत येतो, आणि तो कुणी परत आणायचा हे नात्याने ठरतं.

त्या चित्रपटात गुलपिलिल पडद्यावर दिसत नाहीत. ते निवेदक आहेत. सुरुवातीलाच ते सांगतात की जन्माआधी आपण आपल्या पाणवठ्यात एका लहानशा माशासारखे होतो, तिथून आईच्या पोटी आलो, आणि मेल्यावर पुन्हा त्याच पाणवठ्यात जाऊन पुढच्या जन्माची वाट पाहणार. बिरिंबिरची सगळी तत्त्वमीमांसा त्या चार वाक्यांत आहे. ती सांगताना त्यांच्या आवाजात गुरुजीपणा नाही, गोष्ट रंगवणाऱ्या आजोबांची मजा आहे. कान महोत्सवात या चित्रपटाला ‘अँ सर्तँ रगार’ विभागात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं.

त्याआधी चार वर्षं, २००२ मध्ये, द हीर यांच्याच ‘द ट्रॅकर’मध्ये गुलपिलिल पहिल्यांदा नायक झाले होते. तीन गोरे स्वार एका मूळनिवासी फरारी माणसाच्या मागावर निघतात आणि माग काढायला एका मूळनिवाशालाच पुढे चालवतात. या चित्रपटातही कुणाला नाव नाही, पण इथे ते गोऱ्यांनाही नाही. आणि जिथे मूळनिवाशांची कत्तल होते तिथे कॅमेरा प्रेतांवर जात नाही. त्या जागी पीटर कोड यांनी काढलेली रंगचित्रं पडद्यावर येतात. पडद्यावरच्या रक्तपाताला सरावलेल्या प्रेक्षकाला याने धक्का बसतो. मृत शरीर सगळ्यांनी पाहावं यासाठी नसतं, असं तो चित्रपट न बोलता मानतो. ‘वॉकअबाउट’च्या झाडापासून इथवर यायला तीस वर्षं लागली. त्या वर्षीचं ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक गुलपिलिल यांना मिळालं.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, कारण प्रतिमेविषयी लिहिताना ती वगळली तर आपणही प्रतिमाच रंगवत बसू. २०११ साली पत्नीला मारहाण करून तिचा हात मोडल्याबद्दल गुलपिलिल यांना तुरुंगात जावं लागलं. त्याआधीची बरीच वर्षं दारूत गेली होती. एका मोठ्या नटाच्या आयुष्यातला चढउतार म्हणून याची बोळवण करता येत नाही. एका बाईने ते अंगावर झेललं, आणि तिची बाजू कुठल्याही चित्रपटात आलेली नाही. द हीर त्यांना तुरुंगात भेटत राहिले, आणि त्या भेटींतून दोघांनी मिळून ‘चार्लीज कंट्री’ (२०१३) लिहिला.

चार्ली हा गावात राहणारा, वय झालेला माणूस. सरकारी नियमांना कंटाळून तो जुन्या रितीने जगायला रानात जातो, तिथे आजारी पडतो, डार्विनला नेला जातो, दारूत बुडतो, तुरुंगात पोचतो. तुरुंगात त्याचे केस आणि दाढी काढतात तेव्हा कॅमेरा हलत नाही. चाळीस वर्षं जगाने पाहिलेला तो चेहरा आपल्या डोळ्यांदेखत उघडा होत जातो. सिडनी ऑपेरा हाउसच्या उद्घाटनाला राणीसमोर आपण नाचलो होतो, ही चार्लीची जपून ठेवलेली आठवण. शेवटी तो गावातल्या पोरांना नाच शिकवायला उभा राहतो. २०१४ मध्ये कानला ‘अँ सर्तँ रगार’ विभागात गुलपिलिल सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. माणसाने स्वतःची पडझड स्वतःच्या परवानगीने पडद्यावर मांडली, तर ती कबुलीही असू शकते आणि साक्षही. ‘चार्लीज कंट्री’ दोन्ही आहे. त्याने गुन्हा धुतला जात नाही, आणि चित्रपट तसा दावाही करत नाही.

२०१७ मध्ये कर्करोगाचं निदान झालं. चौथी पायरी होती. आर्नहेम लँडमध्ये उपचार नव्हते, म्हणून मरे ब्रिजला, आपल्या पाणवठ्यापासून हजारो किलोमीटर दूर, त्यांना राहावं लागलं. तिथे दिग्दर्शिका मॉली रेनॉल्ड्स यांनी त्यांच्याबरोबर ‘माय नेम इज गुलपिलिल’ हा माहितीपट केला. निर्मात्यांमध्ये ते स्वतः होते. कॅमेऱ्याकडे थेट पाहत ते स्वतःच्या मृत्यूविषयी बोलतात, अंत्यविधीची कल्पना करतात, आणि आपण गेल्यावर आपली गोष्ट या फिल्ममध्ये राहील, लेकरानातवंडांना पाहता येईल, असं सांगतात. हा चित्रपट ते गेल्यानंतरच लोकांपुढे येईल अशी सगळ्यांची अटकळ होती. पण ते तगले, आणि मार्च २०२१ मध्ये ॲडलेड महोत्सवातल्या पहिल्या खेळाला स्वतः हजर राहिले.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ साली म्हटलं होतं की चित्र-शिल्पकलेच्या मुळाशी शव टिकवून ठेवण्याची ओढ आहे, आणि छायाचित्राने ती ओढ पुरी केली. सिनेमाच्या विचारात हे मत वेदवाक्यासारखं वापरलं गेलं. गुलपिलिल यांच्या बाबतीत ते अपुरं पडतं असं मला वाटतं. त्यांना देह टिकवायचा नव्हता. देह त्यांच्या भूमीला द्यायचा होता आणि आत्मा पाण्याला. फिल्ममध्ये ठेवायची होती ती गोष्ट. योल्ङूंच्या हिशेबात गोष्ट सांगणारा जातो आणि गोष्ट कुळाकडे राहते. जी गोष्ट पूर्वी गाण्यातून आणि सालीवरच्या चित्रातून पुढे जायची, ती आता फिल्ममधूनही जाईल, असा त्यांचा व्यवहार होता.

इथे एक रास्त शंका निघते. नाव न घेण्याची रीत जर शोक करणाऱ्यांसाठीही आहे, तर एकट्या मरणाऱ्याने ती शिथिल कशी करायची? ‘माझं नाव घ्या, माझा चेहरा दाखवा’ असं म्हणायचा अधिकार एकट्याचा आहे का? त्या समाजातला कुणी कडक वडीलधारा ‘नाही’ म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं वजनदार असेल. गुलपिलिल यांनी मात्र नियम एकट्याने मोडला असं झालं नाही. इच्छा त्यांची होती, शब्द घरच्यांनी दिला, आणि मधले काही दिवस दुसरं नाव वापरून रितीचाही मान राखला गेला. असाच आणखी एक प्रसंग योल्ङूंमध्ये चार वर्षं आधी घडला होता. जन्मांध गायक गुरुमुल युनुपिंगू २०१७ मध्ये गेले. त्यांच्यावरचा माहितीपट त्यांनी मृत्यूच्या थोडेच दिवस आधी संमत केला होता. घरच्या लोकांनी नाव आणि प्रतिमा वापरू दिली, आणि २०१८ मध्ये चित्रपट आला तेव्हा ही परवानगी अपवाद म्हणून दिली आहे असं सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं होतं. रीत जिवंत असते तेव्हा तिच्यात अपवादालाही जागा असते, पण तो अपवाद मागावा लागतो.

आता हा प्रश्न आर्नहेम लँडपुरता राहिलेला नाही. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाने उभा केला. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून घेतले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं, असं त्यांनी जाहीर केलं. ते केलं हे चांगलंच. पण गुलपिलिल यांच्या उदाहरणाशेजारी ठेवलं की एक गोष्ट खटकते. गुलपिलिल यांनी जे मागे ठेवलं ते त्यांनी स्वतः केलेलं, स्वतः बोललेलं होतं. मृताच्या तोंडी नवे शब्द आणि नवे सूर घालायला वारसांची सही पुरते का? मला वाटतं, पुरत नाही. वारस पैशाचे आणि वस्तूंचे मालक होतात. माणूस काय गाईल आणि काय बोलणार नाही, हे ठरवणारा एकटाच होता आणि तो गेला. ज्याने जिवंतपणी स्पष्ट होकार दिला नाही, त्याचा नकारच धरावा. योल्ङूंचं मौन हेच करतं: विचारणा होईपर्यंत आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहणं.

गुलपिलिल यांचा मृतदेह पुढच्या वर्षी आर्नहेम लँडला नेला गेला आणि कुळाच्या भूमीत, त्यांच्या रितीने, गाणी आणि नाच यांच्यासह दफन झाला.

त्यांनी दिलेली परवानगी त्यांच्यापुरती आहे. ती त्यांच्या चित्रपटांतल्या इतर मूळनिवासी चेहऱ्यांना लागू होत नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतले, १९५५ च्या ‘जेडा’मध्ये नायक झालेले रॉबर्ट टुडावली १९६७ मध्ये गेले, आणि त्यांना तर असं काही विचारण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. म्हणून दिवंगतांच्या प्रतिमांविषयीची ती सुरुवातीची सूचना अजूनही हवी आहे. पुण्या-मुंबईतल्या फिल्म सोसायट्या हे चित्रपट दाखवतात, मेलबर्न-सिडनीतली मराठी मंडळी ते मुलांना घेऊन बघतात. त्या सगळ्यांना एवढीच विनंती: सूचना पुढे सरकवू नका. कार्यक्रमपत्रिका काढत असाल तर ती मराठीत छापा, आणि खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.